घरची तिखट मिरची: ओळखायची कशी, पिकवायची कशी, वापरायची कशी

रोपवाटिकेत मिरचीचं रोप मागितलं की समोरून एकच प्रश्न येतो: तिखट पाहिजे की भजीची? त्यापुढची माहिती रोपाबरोबर मिळत नाही. पिशवीवर चिठ्ठी नसते, असली तरी दोन पावसांत पुसली जाते. शिवाय वाणसामानातल्या सुक्या मिरचीचं बी टाकून उगवलेली रोपं असतात, गावाहून कुणी कागदाच्या पुडीत दिलेलं बी असतं, आणि हल्ली ऑनलाइन मागवलेली भूत जोलोकिया, हाबानेरो, जलापेनोही असतात. चार महिन्यांनी कुंड्या लगडतात आणि प्रश्न सुरू होतात. ही कुठली? किती तिखट? हिरवीच तोडायची की लाल होऊ द्यायची? आणि एवढ्या मिरचीचं करायचं काय?

माझ्या मते घरच्या बागेत सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते तोडणीत. खत, माती, कीड यांबद्दल लोक भरपूर वाचतात, पण मिरची तोडतात मात्र स्वयंपाकाच्या घाईने. बाजाराची मिरची वाहतुकीच्या हिशोबाने तोडलेली असते, आपल्या मिरचीला ती सक्ती नाही. म्हणून खाली ओळख आणि वापर दोन्ही असलं, तरी पिकण्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

आधी फूल बघा, फळ नंतर

फळाचा आकार फसवतो. लांबडी, बुटकी, गोल, सुरकुतलेली अशी सगळी रूपं एकाच प्रजातीत सापडतात. ढोबळी मिरची आणि ज्वाला दिसायला एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत, पण दोघी कॅप्सिकम ॲनम याच प्रजातीच्या. लागवडीत असलेल्या मुख्य प्रजाती पाच आहेत आणि त्या ओळखायला फुलाची मदत जास्त होते. सकाळी फुलं नीट उमललेली असताना झाडापाशी जा आणि तीन गोष्टी बघा: पाकळीचा रंग, एका बेचक्यात किती फुलं आहेत, आणि देठ फळाच्या हिरव्या टोपीला जिथे मिळतो तो सांधा.

पाकळ्या स्वच्छ पांढऱ्या, बेचक्यात सहसा एकच फूल, मधले परागकोश निळसर-जांभळे, तर झाड ॲनम. महाराष्ट्रातल्या बहुतेक मिरच्या याच. पुसा सदाबहार, फुले ज्योती अशा घोसांनी लागणाऱ्या वाणांत मात्र एका जागी अनेक फुलं दिसतात, तेव्हा नुसत्या संख्येवर निकाल देऊ नका.

पाकळ्या हिरवट-पांढऱ्या, फळं बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान, आभाळाकडे तोंड केलेली, आणि पिकल्यावर नुसत्या स्पर्शाने टोपीपासून सुटणारी असतील तर ती फ्रुटेसेन्स असण्याची शक्यता मोठी. केरळची कांथारी या गटातली. ही मिरची पक्षी आवडीने खातात, कारण मिरचीचा दाह ज्या चेतातंतूंना जाणवतो ते पक्ष्यांमध्ये तिला दाद देत नाहीत. म्हणूनच कुणी न लावता कंपाउंडच्या कोपऱ्यात उगवलेली मिरची बहुधा याच गटातली निघते.

एका बेचक्यातून दोन-तीन किंवा जास्त फुलं खाली लोंबणारी, पानं रुंद आणि किंचित चुणीदार, आणि देठ-टोपीच्या सांध्यावर दोरा आवळून बांधल्यासारखी गोल खाच असेल, तर झाड चायनेन्स. हाबानेरो यातलीच. भूत जोलोकियात फ्रुटेसेन्सचाही थोडा अंश आहे, पण वागायला ती चायनेन्सच. ही खाच सर्वांत भरवशाची खूण. दुसरी खूण वासाची. फळ कापल्यावर नुसता तिखट भपकाराच नाही, तर पिकल्या फळाचा गोडसर वास येतो. असा वास आला की सुरी खाली ठेवा, हातमोजे शोधा आणि मगच पुढे जा.

उरलेल्या दोन आपल्याकडे क्वचित दिसतात. पाकळ्यांच्या तळाशी पिवळट-हिरवे ठिपके असले तर बकाटम. जांभळी फुलं, लवदार पानं आणि काळं बी असेल तर प्युबेसेन्स. ही अँडीजच्या थंड डोंगरांतली मिरची आहे, पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तिच्यापायी कष्ट घेऊ नयेत.

पानांच्या बाबतीत एक सावधगिरी. चायनेन्सची चुणीदार पानं पाहून काही जण चुरडा-मुरडा रोग आला म्हणून औषध मारतात, आणि खरोखर रोग आलेल्या ज्वालाला ‘ही वेगळी जात दिसते’ म्हणून सोडून देतात. फरक सोपा आहे. जातीचं चुणीदार पान मोठं, तकतकीत असतं आणि झाडभर सारखं असतं. रोगट पान लहान राहतं, शेंड्याकडे जास्त आखडतं. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी नावाची बारीक कीड.

कुंडीतली शोभेची मिरची, म्हणजे जांभळी, पिवळी, लाल फळं एकाच झाडावर मिरवणारी, बहुतेक वेळा ॲनमच असते आणि खायला चालते. पण रोपवाटिकेतून आणताना जी फळं लागलेली आहेत ती खाऊ नका. शोभेच्या झाडांवर काय फवारलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. ती तोडून टाका आणि पुढच्या बहराची वाट पाहा.

नावाची मिरची आणि आपल्या कुंडीतली मिरची

ॲनमच्या आत वाण ओळखणं हे फळावरूनच होतं. ज्वाला लांब, सडपातळ, टोकाशी किंचित वळलेली आणि सालीवर हिरवी असतानाच सुरकुत्या असलेली. ब्याडगी हिरवी असताना फारशी लक्ष वेधत नाही, तिची ख्याती वाळल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या आणि गडद लाल रंगासाठी. तिच्यात आखूड-जाड डब्बी आणि लांब-बारीक कड्डी असे दोन प्रकार. संकेश्वरी लांब, बारीक आणि ब्याडगीपेक्षा तिखट. कोल्हापूरकडची लवंगी आखूड आणि चांगलीच झणझणीत. भिवापूरची मिरची, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची, पेडण्याकडची हरमल मिरची यांना भौगोलिक मानांकनं मिळालेली आहेत.

पण एक ध्यानात असू द्या. दुकानातल्या सुक्या ब्याडगीचं बी पेरलं म्हणजे घरी ब्याडगीच येईल असं नाही. बाजारात त्या नावाने येणाऱ्या मालात संकरित वाणांचा मोठा वाटा असतो, आणि संकरिताच्या बियांपासून आलेली रोपं आईसारखी निघत नाहीत. एकाच मिरचीच्या बियांतून एक झाड लांब फळांचं, एक बुटक्या, तिसरं जहाल असं होऊ शकतं. त्यात वाईट काही नाही, फक्त त्या झाडाला ‘ब्याडगी’ म्हणू नका. नदीकाठच्या काळ्या जमिनीत एक मिरची येते आणि गच्चीवरच्या कोकोपीटमध्ये तेच बी वेगळं वागतं, हेही खरंच.

याच्याशी जोडलेला एक गैरसमज: तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली तर ढोबळी तिखट होते. होत नाही. परागकणांचा परिणाम आतल्या बियांवर होतो, फळाची साल आणि गर हे आईच्या झाडाचेच असतात. त्या बिया पेरल्यात तर पुढच्या हंगामात मात्र गंमत होऊ शकते.

तिखटपणा किती, हे जिभेला विचारण्याची रीत

तिखटपणा बियांत नसतो. तिखटपणा देणारं द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, तयार होतं ते बिया ज्या पांढऱ्या-पिवळ्या शिरांना चिकटलेल्या असतात तिथे. बियांना तो चिकटून लागतो एवढंच. या शिरा देठाकडे जास्त आणि टोकाकडे कमी असतात, म्हणून अनोळखी मिरचीची चव टोकाकडून घ्यायची.

टोकाची तांदळाच्या दाण्याएवढी फोड जिभेच्या शेंड्याला लावा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. चायनेन्सचा तिखटपणा उशिरा चढतो, त्यामुळे लगेच दुसरी फोड घेऊ नका. काहीच लागलं नाही तर मधली फोड. तरी सौम्य वाटली तरच शीर असलेला तुकडा. चव घेताना शेजारी दही किंवा दूध ठेवा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी प्यायल्यावर आग तोंडभर पसरते. दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश ती खरोखर कमी करतात.

आकड्यांत बोलायचं तर १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मोजमाप काढलं. मिरचीचा अर्क साखरपाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्याला तिखट लागणं बंद होईल. आज हे काम यंत्र करतं, नाव मात्र स्कोव्हिलचंच राहिलं. ढोबळी शून्य, जलापेनो साधारण २,५०० ते ८,०००, ब्याडगी ८,००० ते १५,००० च्या आसपास, हाबानेरो एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत. २००७ मध्ये गिनीज बुकात भूत जोलोकियाची नोंद झाली ती १०,०१,३०४ या आकड्याने. हे आकडे दिशादर्शक समजा. एकाच झाडावरच्या दोन मिरच्यांत दुपटीचा फरक पडू शकतो. कडक ऊन आणि पाण्याची ओढ बसलेलं झाड बहुधा जास्त तिखट देतं, रोज भरपूर पाणी प्यायलेलं झाड फळं मोठी देतं पण मिळमिळीत.

मिरची झाडावरच पिकते

आंबा, केळं, टोमॅटो ही फळं पाड लागल्यावर तोडली तरी घरात पिकतात. मिरचीच्या बहुतेक वाणांचं तसं नाही. पूर्ण हिरवी असताना तोडली तर ती आढीत घाला, तांदळात घाला, केळ्याशेजारी ठेवा, बहुतेक वेळा ती सुरकुतेल, मऊ पडेल, एखाद्या ठिकाणी केविलवाणी लाल होईल, पण पिकल्या मिरचीची गोडी आणि रंग तिच्यात येणार नाही. लाल मिरची हवी असेल तर ती झाडावर रंग धरेपर्यंत थांबायलाच हवं.

फूल गळून फळ धरल्यापासूनचा हिशोब साधारण असा. पहिले तीन-चार आठवडे फळ फक्त वाढतं. या काळात तोडलेल्या मिरचीला गवताचा वास येतो, बी पांढरं-मऊ असतं आणि ती दोन दिवसांत लुळी पडते. साधारण ३० ते ४० दिवसांनी ती ‘जून हिरवी’ होते: वाढ थांबलेली, साल ताठ आणि चकचकीत, वाकवली तर कट्‌कन तुटणारी, आतलं बी पिवळसर आणि टणक. ठेच्याला, फोडणीला, तळायला हीच योग्य वेळ. तिखटपणाही इथवर जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. कॅप्सेसिन फूल धरल्यानंतर ४० ते ५० दिवसांच्या आसपास शिगेला पोचतं आणि पुढे वाढत नाही, उलट किंचित कमी होतं. लाल मिरची वेगळी लागते ती साखर वाढल्याने आणि वास बदलल्याने.

त्यानंतर रंग फिरायला लागतो आणि इथे बरेच जण घाबरतात. हिरव्यावर आधी काळपट-चॉकलेटी डाग येतात. हिरवं रंगद्रव्य जात असतं आणि लाल येत असतं, दोन्ही एकत्र दिसले की रंग काळपट वाटतो. काही वाणांत थंडीत किंवा कडक उन्हात सालीवर जांभळी झाक येते, तीही निरुपद्रवी. जलापेनोसारख्या जाड मिरचीवर तपकिरी खरखरीत रेघा उमटल्या तर ती पक्वतेचीच खूण. काळजी कधी करायची? डाग खोलगट असेल, गोल असेल, त्यात एकात एक वलयं दिसत असतील, तर ती फळकूज. तसं फळ लगेच काढून टाका, कंपोस्टच्या बादलीत नव्हे तर कचऱ्यात. टोक तपकिरी-काळं आणि चामड्यासारखं झालं असेल तर पाणी कधी खूप आणि कधी नाही असं चाललं आहे, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही. ऊन पडणाऱ्या बाजूला कागदासारखा पांढरा चट्टा असेल तर ते उन्हाने भाजणं. भाजलेला भाग कापून बाकीची मिरची वापरता येते.

रंग फिरायला लागल्यापासून पूर्ण लाल व्हायला थंडीत आठवडा ते दोन आठवडे. म्हणजे फुलापासून लाल फळापर्यंत ॲनममध्ये साधारण ५५ ते ८० दिवस धरा. भूत जोलोकिया, हाबानेरो यांना त्याहून जास्त लागतात आणि त्यांचं बीसुद्धा उगवायला दोन ते चार आठवडे घेतं, म्हणून त्यांच्याबाबतीत उतावळेपणा उपयोगाचा नाही. शेवटचा रंग प्रत्येकीचा लालच असेल असंही नाही. काही नारिंगीवर थांबतात, काही पिवळ्यावर, काही चॉकलेटी होतात. चिठ्ठी नसलेल्या झाडाची पहिली दोन फळं मुद्दाम शेवटपर्यंत राहू द्या. ती कुठल्या रंगावर स्थिरावतात ते पाहिल्यावर पुढची तोडणी ठरवता येते.

हंगाम जुळवणं हे यातलं अर्धं काम आहे. जून-जुलैत लावलेलं रोप सप्टेंबरपासून हिरव्या मिरच्या देतं आणि दिवाळीनंतर रंग धरायला लागतं. रंगाला २० ते २५ अंशांची हवा मानवते, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा लाल मिरचीचा काळ. हवा कोरडी असल्याने वाळवणही सोपं. पावसाळ्यात लाल होऊ घातलेली मिरची कुजते, कोकणात तर फारच. तिथे ऑगस्टमध्ये लाल मिरचीचा हट्ट न धरता हिरवीच काढून घ्यावी. एप्रिल-मे मध्ये दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फुलं गळतात. तेव्हा खत ओतून उपयोग नाही, दुपारची सावली द्या आणि थांबा.

आता एक अडचण. फळं लाल होईपर्यंत ठेवली की झाड नवी फुलं कमी धरतं, कारण बी पिकवण्यात त्याची ताकद जाते. रोजच्या हिरव्या मिरचीत खंड पडतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे झाडं वाटून घेणं. तीन कुंड्या असतील तर दोन हिरव्यासाठी, ज्यांची तोडणी दर चार-पाच दिवसांनी नेमाने करायची, आणि एक लालसाठी, जिला हात लावायचा नाही. कुंडी एकच असेल तर दोन फांद्यांना रंगीत दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दोरा नसला तर पिकायला आलेली मिरची नेमकी पोह्यांच्या फोडणीत जाते.

तोडल्यावर उरलेला रंग

झाडावर रंग फिरलेली, म्हणजे निदान तिसरा हिस्सा काळपट किंवा लाल झालेली मिरची मात्र घरात पुढे पिकते. पाऊस येणार असेल, वानर किंवा पोपट लागले असतील, प्रवासाला जायचं असेल, तर या अवस्थेत तोडून घ्यावी.

देठासकट तोडा. टोपलीत किंवा कागदावर एकेरी थर पसरा, घरातल्या हवेशीर सावलीत ठेवा, रोज एकदा उलटा. चार ते सात दिवसांत रंग पूर्ण होतो. कागदी पिशवीत पिकलं केळं ठेवण्याची युक्ती थोडीफार मदत करते, पण रंग न फिरलेल्या हिरव्या मिरचीवर तिची भिस्त ठेवू नका. फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका, थंडीत रंगाचं काम थांबतं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरतो आणि देठापासून बुरशी सुरू होते. शेतकरी लाल मिरची वाळत घालण्याआधी एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवतात ते याचसाठी, मागे राहिलेल्या मिरच्या रंगाने बाकीच्यांना गाठतात.

न्यू जर्सी, लंडन अशा ठिकाणी मिरची लावणाऱ्यांना हिमाच्या आधी झाड काढावंच लागतं. त्यांनी पूर्ण झाड मुळासकट उपटून गॅरेजमध्ये उलटं टांगावं. रंग फिरायला लागलेली बरीचशी फळं अशीही लाल होतात. किंवा झाड छाटून कुंडीसकट घरात घ्यावं. मिरची मुळात एका वर्षाची नाही, थंडीतून वाचली तर पुढच्या वर्षी लवकर फळते.

तोडणी आणि हात

मिरची ओढून तोडू नका. फांद्या ठिसूळ असतात, एका मिरचीसोबत पुढचे दहा कळे येतात. कात्रीने देठ कापा किंवा देठ वर उचलून हलकेच मोडा. दव वाळल्यावर तोडा, ओल्या मिरचीला कूज लवकर लागते.

रोजच्या ज्वालेला हातमोजे लागत नाहीत, पण किलोभर मिरची चिरायची असेल किंवा चायनेन्स असेल तर नायट्राइलचे हातमोजे घाला. नसतील तर आधी हातांना गोडंतेल चोळा. हात पोळायला लागलेच तर थेट पाणी लावू नका. तेल चोळून ते कागदाने पुसा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, असं दोनदा. डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी हात साफ करून ती काढा, आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. भूत जोलोकिया बंद स्वयंपाकघरात भाजू नका. ठसका अख्ख्या मजल्याला लागतो, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर तो विनोदाचा विषय उरत नाही.

कशाला कुठली: सालीकडे बघा

मिरचीचा वापर ठरवताना लोक तिखटपणा बघतात. मी आधी साल बघतो. पातळ सालीची मिरची वाळते, जाड सालीची कुजते. वाण माहीत नसेल तरी एक मिरची उभी चिरून बोटाने दाबा. साल कागदासारखी असेल तर वाळवण आणि तिखट. मध्यम असेल तर ठेचा, फोडणी, दह्यातली मिरची. जाड, रसरशीत असेल तर भरणं, लोणचं, भाजणं. जलापेनो किंवा भावनगरी गच्चीवर वाळत घालून आठवड्याने बुरशी बघण्यात अर्थ नाही. चायनेन्स हा वेगळा गट. तिचा वास हेच तिचं मोल, ती वाळवून ठेवण्यापेक्षा ओलीच व्हिनेगरमध्ये बरी.

वाळवणापासून सुरुवात करू. पूर्ण लाल, डाग नसलेल्या मिरच्या पुसून घ्या, देठ ठेवा. देठ काढला तर त्या भोकातून ओल आणि बुरशी आत जाते. स्वच्छ कापडावर एकेरी थर, दिवसा ऊन, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. रोज हलवा. थंडीच्या उन्हात एक ते दोन आठवडे लागतात. मिरची मुठीत धरून हलवल्यावर बी खुळखुळलं आणि वाकवल्यावर ती दुमडण्याऐवजी मोडली की झालं. नुसती चामडी लागत असेल तर आणखी दोन उन्हं द्या. अर्धवट वाळलेल्या मिरचीत आतून बुरशी धरते आणि बुरशी धुऊन जात नाही, तिचं विषही जात नाही, तशा मिरच्या सरळ फेका. एक किलो ओल्या लाल मिरचीचे सुकल्यावर पाव किलो ते ३०० ग्रॅम उरतात, तेव्हा दोन कुंड्यांतून वर्षाचं तिखट निघेल ही आशा सोडा. घरची सुकी मिरची मी तिखटात मिसळत नाही, फोडणीला आणि भाजून चटणीला राखून ठेवतो.

ठेच्याबद्दल फार सांगायला नको. जून हिरवी मिरची, लसूण, जाडं मीठ, तव्यावर थोड्या तेलात मिरचीला फोड येईपर्यंत परतून खलबत्त्यात किंवा तव्यावरच तांब्याच्या बुडाने ठेचायची. मिक्सरला लावायचीच असेल तर बटण क्षणभर दाबून सोडा, नाहीतर चटणी होते. शेंगदाणे घालायचे की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत, मी घालणाऱ्यांपैकी.

ओल्या लाल मिरचीचं खरं सोनं म्हणजे रंजका. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात थंडीत ताजी लाल मिरची आली की हा घातला जातो. अर्धा किलो लाल, घट्ट मिरच्या धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या करा, रात्रभर पंख्याखाली ठेवल्या तर उत्तम. मग देठ काढा. ६० ते ७५ ग्रॅम मीठ, १५-२० लसूणपाकळ्या, दोन चमचे भाजलेल्या मेथीची पूड, अर्धा चमचा हिंग आणि पाच-सहा लिंबांचा रस. मिरची, मीठ आणि लसूण भरड वाटा, पाण्याचा थेंब नको. मेथी, हिंग, रस मिसळून काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि वर थोडी जागा सोडा. पहिले तीन-चार दिवस रोज कोरड्या चमच्याने ढवळा. बुडबुडे आले, आंबूस वास आला तर ते ठीक, तो मुरण्याचा भाग आहे. वर केसाळ बुरशी आली तर मात्र अख्खी बरणी टाका. आठवड्याने फ्रिजमध्ये ठेवा, महिने टिकतो. खायच्या वेळी लागेल तेवढा वाटीत काढून वर मोहरीची फोडणी घाला आणि भाकरीशी, थालीपिठाशी, दहीभाताशी खा. मिरची फार जहाल असेल तर निम्मी घरची आणि निम्मी बाजारची कमी तिखट लाल मिरची घ्या, रंगही चांगला येतो.

यात मीठ हात आखडून घालण्याचा मोह होतो. तो टाळा. मीठ आणि आंबट यांच्यावरच ही बरणी टिकते. याच कारणाने लसूण-मिरची कच्ची तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबट नसतं, आणि अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो, तोही वास किंवा चव न बदलता. असं तेल करायचंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

दह्यातली मिरची करायला फार तिखट नसलेली, मध्यम सालीची जून हिरवी मिरची घ्यावी. अर्ध्या किलोला उभी चीर द्या, देठ ठेवा. दीड-दोन वाट्या आंबट दाट ताक, दोन मोठे चमचे मीठ, चमचाभर जिरेपूड, हिंग. रात्री मिरच्या ताकात, सकाळी निथळून उन्हात, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. ताक संपेपर्यंत हा क्रम चालवायचा, दिवसा ताक फ्रिजमध्ये. मग कडकडीत वाळवा. तळताना तेल मध्यम तापलेलं हवं, मिरची तपकिरी झाली की लगेच काढायची, कारण काळी झाली की कडू.

भूत जोलोकिया आणि हाबानेरोचं काय करायचं हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. एका झाडाला पन्नास फळं लागतात आणि घरात आठवड्याला अर्धं फळही खपत नाही. चार-पाच फळं चकत्या करून उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर व्हिनेगरमध्ये चमचाभर मीठ घालून बुडवा. दोन आठवड्यांनी व्हिनेगर गाळा आणि थेंबाथेंबाने वापरा. मिरचीचा वास पूर्ण उतरतो आणि तिखटपणा हातात राहतो. मटणाच्या रश्शाला, डाळीला शेवटी अर्धा चमचा पुरतो. आमटीत आख्खी, न चिरलेली मिरची पाच मिनिटं उकळून बाहेर काढणं हाही मार्ग आहे, पण ती फुटू देऊ नका. उरलेली फळं धुऊन, पुसून, आख्खीच डब्यात गोठवा. गोठलेली मिरची किसणीवर चिमूटभर किसता येते आणि हाताला लागत नाही.

बी धरायचं असेल तर

संकरित रोपाचं बी धरू नका. सरळ वाण असेल, किंवा वाण माहीत नाही पण फळ आवडलं आहे आणि पुढे काय निघतं ते पाहायचं आहे, तर झाडावरची एक निरोगी फांदी निवडा. कळ्या उमलायच्या आधी तिच्यावर मलमलची पिशवी बांधा आणि फुलं आल्यावर रोज हलकेच टिचकी मारा, म्हणजे फळ स्वतःच्याच परागाने धरेल. फळ धरल्यावर पिशवी काढा आणि दोरा बांधा. ही फळं पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवा. मग बी काढून सावलीत आठवडाभर वाळवा, थेट उन्हात नको. कागदी पाकिटात घालून पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं. पाकिटावर वाणाचं नाव माहीत नसेल तर फुलाचा रंग, फळ वर की खाली, पिकल्यावरचा रंग आणि तिखटपणा लिहा. पेन्सिलने लिहा, शाई ओलीने फुटते.